नमुना क्रमांक सात

४ सप्टेंबर, सोमवार

आज ऑफिसात माझी चांगलीच शोभा झाली. साहेबांनी लगेच फर्मान काढलं की यापुढे प्रत्येकानं चुकांची नोंदवही ठेवायची. चारचौघांना दाखवण्याजोग्या चुका त्या वहीत जातील. उरलेल्या, म्हणजे बऱ्याचशा, इथं लिहायचं ठरवलं आहे. ही वही मुलीच्या शाळेची. पहिल्या चार पानांवर अपूर्णांक आहेत आणि तेही चुकलेलेच आहेत, तेव्हा घराण्याची परंपरा म्हणून ती पानं फाडली नाहीत.

आमच्या कंपनीचा धंदा सांगायला सोपा आहे. वस्तू मध्ये ठेवायची, भोवती गोल मांडलेले चोवीस कॅमेरे एकदम फोटो काढतात, आणि त्या फोटोंवरून कॉम्प्युटर वस्तूचं थ्रीडी मॉडेल बनवतो. मॉडेल मूळ वस्तूशी कितपत जुळतं हे तपासणं माझं काम. गेली नऊ वर्षं मी ते एकाच मापानं करतो आहे. मॉडेलवरचा प्रत्येक बिंदू मूळ वस्तूपासून किती लांब पडला ते मोजायचं आणि सरासरी काढायची. सरासरी चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असली की मी सही करतो आणि खाली तारीख टाकतो. तारीख आजवर एकदाही चुकलेली नाही.

हाताची स्प्लिंट बनवणाऱ्या एका वर्कशॉपचं मोठं काम आम्हाला मिळायचं आहे. स्प्लिंट म्हणजे दुखऱ्या मनगटाला खालून आधार देणारी कडक प्लास्टिकची पट्टी. जुनी झिजली की तशीच्या तशी नवी छापून हवी असते. नमुन्याला त्यांनी एक दिली होती. आम्ही फोटो काढले, मॉडेल केलं, मी तपासलं. सरासरी चूक शून्य दशांश तीन! आकडा इतका देखणा की मी तो अहवालात मोठ्या टायपात छापला. आज वर्कशॉपच्या मॅडम आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं मोजकं. आम्ही छापलेली पट्टी त्यांनी इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि विचारलं, "अंगठा कुठून घालायचा?"

अंगठ्याचं भोकच नव्हतं. कॉम्प्युटरनं ते गुळगुळीत बुजवून टाकलं होतं.

"पण सरासरी चूक फक्त शून्य दशांश तीन आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं ते मला अजून कळलेलं नाही.

"असेल," मॅडम म्हणाल्या. "सरासरी माणसाला अंगठा नसेल."

साहेबांनी हातापाया पडून पुन्हा प्रात्यक्षिकाची तारीख मिळवली, २९ सप्टेंबर. तेव्हा जमलं नाही तर काम गेलं, आणि तपासणी विभागही गेला. तपासणी विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. टेबल बहुतेक ठेवतील.

५ सप्टेंबर, मंगळवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे टाळली. भोकं बुजवणारा तो प्रोग्रॅम माझाच आहे. फोटोत काही भाग दिसला नाही की मॉडेल तिथं फाटकं राहतं. ते बरं दिसत नाही म्हणून मी चार वर्षांपूर्वी एक पायरी लिहिली: जिथं माहिती नाही तिथं आजूबाजूचं बघून भरून टाक. त्याबद्दल मला तेव्हा टाळ्या मिळाल्या होत्या.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "यात नवल काय? घरीही तू हेच करतोस. एखादी गोष्ट दिसली नाही की मनानंच भरून टाकतोस आणि पुढे जातोस."

"एक उदाहरण दे."

"देणार नाही. उदाहरण दिलं की तू तेवढंच उदाहरण दुरुस्त करतोस."

घरात आणखी एक कप फुटला. फुटला म्हणजे नुसता कान तुटला. जूनपासूनचा हा तिसरा. आई म्हणाली, हल्लीचे कप मेले निसरडेच असतात. ती आता चहा ग्लासातून घेते, दोन्ही हातांत धरून. वय झालं की माणसाचे एकेक चोचले सुरू होतात.

७ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांनी मदतीला एक बाई आणल्या आहेत. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आठवड्यातून दोनच दिवस येणार. पहिल्या तासातच त्यांचं नाव गणितबाई पडलं. त्यांनी माझे नऊ वर्षांचे अहवाल अर्ध्या तासात चाळले आणि म्हणाल्या, "तुम्ही किती चुकलं ते मोजता. काय चुकलं ते मोजतच नाही."

मग त्यांनी जे शिकवलं ते, मला समजलं तेवढं, इथं उतरवतो. याला टोपॉलॉजी म्हणतात. वस्तू रबराची आहे असं समजा. ताणा, दाबा, वाकवा, फक्त फाडू नका आणि चिकटवू नका. एवढं करूनही जे बदलत नाही ते मोजायचं. त्याचे आकडे तीनच: तुकडे किती, आरपार भोकं किती, आत कोंडलेल्या पोकळ्या किती. कपाला आरपार भोक एक, ते कानात. चहा भरतो तो नुसता खड्डा, त्याला भोक म्हणायचं नाही. ग्लासाला भोक शून्य. मूळ पट्टीला भोकं तीन, एक अंगठ्याचं आणि दोन, पट्टी बांधायचे बंद ओवायची. माझ्या पट्टीला दोन. सरासरी काढायची गरजच नव्हती, तीनपर्यंत मोजता येणारा माणूस पुरला असता.

पण फोटोंवरून केलेल्या मॉडेलमध्ये बारीकसारीक फटी शेकड्यांनी असतात, मग त्यांतली खरी भोकं कोणती? बाईंनी त्याचीही युक्ती सांगितली. मॉडेलच्या प्रत्येक बिंदूवर शाईचा थेंब आहे समजायचं आणि सगळे थेंब हळूहळू फुगवत न्यायचे. खोट्या फटी चटकन भरून जातात. थेंब बरेच फुगले तरी जे टिकून राहतं ते भोक खरं.

"आणि वर्तुळ मुळातच तुटकं असेल तर?" मी विचारलं. वर्गात हुशार दिसायची माझी जुनी सवय.

"तर थेंब फुगून ती फट जोडली जाईपर्यंत भोक जन्मालाच येत नाही. म्हणजे फट किती मोठी तेही कळतं. घरून काही वस्तू आणा, ज्यांचं उत्तर आपल्याला आधी माहीत आहे अशा. कान असलेला कप आणा, कान तुटलेला मिळाला तर उत्तमच."

मी छाती काढून सांगितलं की घरी तीन आहेत.

११ सप्टेंबर, सोमवार

शनिवार-रविवार घरभर फिरून वस्तू गोळा केल्या. मुलीला हा खेळ फार आवडला. सुईला एक, मोज्याला शून्य, चष्म्याला काचा काढल्या तर दोन. तिनं विचारलं, "आणि बाबाच्या बनियनला?" बायको म्हणाली, "मोजू नकोस, दर धुण्याला वाढतात."

दोन भोकांसाठी आईची कात्री मागितली. आईनं एकतीस वर्षं पुढच्या खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे शिवले, उसवले, आत घेतले, बाहेर सोडले. त्याच मशीनवर माझं इंजिनिअरिंग झालं. ती कात्री म्हणजे तिचा जीव की प्राण. लहानपणी मी त्या कात्रीनं एकदा कागद कापला होता, तर आईनं माझा कान असा पिळला होता की दोन दिवस तो वेगळा जाणवत होता. कान पिळणं ही तिची खासियत. पोर कितीही मोठं होवो, अंगठा आणि तर्जनी बरोबर पाळीवर बसायची. माझ्या लग्नातही एकदा बसली होती. तेव्हा कात्री मागताना मी जरा बिचकूनच होतो.

"घेऊन जा," ती म्हणाली. "मला आता काय करायचीय?"

"आठवड्यात परत आणतो."

"राहू दे तिकडेच. डोळे गेले माझे. शिवत कुठं आता?"

इतक्या सहजासहजी मिळेल असं वाटलं नव्हतं. आई हल्ली मऊ झाली आहे. माझा कान पिळूनही वर्ष होऊन गेलं. मला वाटतं, सेहेचाळिशीनंतर सूट मिळत असावी.

ऑफिसात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली. फुटक्या कपांवर कान तुटल्याची तारीखही लिहिली: १९ जून, २७ जुलै, ५ सप्टेंबर. शास्त्रीय कामात नोंद काटेकोर हवी.

१३ सप्टेंबर, बुधवार

चाललं! भोकं बुजवणारी माझी पायरी काढून टाकली आणि बाईंचं मोजमाप लावलं. कपाला एक, फुटक्या कपांना शून्य, कात्रीला दोन, पट्टीला तीन. कॉम्प्युटरला आता माझ्याइतकं मोजता येतं.

आनंद पाच मिनिटं टिकला. मॅडमचा फोन आला. पुढच्या टप्प्यात त्यांना जुन्या पट्ट्यांऐवजी रोग्यांच्या हातांचेच फोटो काढून त्यावरून पट्टी बनवायची आहे. म्हणजे जिवंत हातांवरही यंत्र तपासून दाखवा.

बाई म्हणाल्या, सोपं आहे. दहा माणसं घ्या. प्रत्येकानं अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लावून वर्तुळ करायचं. उत्तर आधीच माहीत, भोक एक.

१६ सप्टेंबर, शनिवार

ऑफिसातले पाच हात काल झाले. आज सुट्टी असूनही घरच्यांना घेऊन गेलो. सहा नंबर बायको, सात नंबर आई, आठ नंबर मुलगी, नऊ मी, दहा आमचा वॉचमन. आई यायला तयार नव्हती. "माझ्या हातात काय बघायचंय?" मी म्हणालो, "आई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे." मग निमूट आली.

कॅमेऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसली. मी बाहेर कॉम्प्युटरशी.

"आई, उजवा हात पुढे. अंगठ्याला बोट लाव."

"लावलंय."

"नीट टोकाला टोक लाव."

"लावलंय रे. लागलंय की."

"हलू नको." मी बटण दाबलं. स्क्रीनवर चोवीस हिरवे दिवे लागले. सगळे कॅमेरे व्यवस्थित चालल्याचं मी स्वतः डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

परतीच्या वाटेवर मुलगी आजीचा हात धरून चोळत चालली होती. मी विचारलं काय चाललंय. दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही."

१८ सप्टेंबर, सोमवार

हातांचा तक्ता तयार. अपेक्षित, मिळालं, शेरा असे तीन रकाने आहेत. नऊ ओळींत अपेक्षित एक, मिळालं एक. सातव्या ओळीत अपेक्षित एक, मिळालं शून्य. फट चौदा मिलिमीटर.

शेऱ्यात लिहिलं: कॅमेऱ्याचा दोष.

२० सप्टेंबर, बुधवार

संशय म्हणून अकरा नंबरचा कॅमेरा खोलला. काहीच निघालं नाही. परत जोडताना एक स्क्रू उरला. तो खिशात ठेवला आहे. आजची चूक म्हणून तोच नोंदवायचा की काय, यावर विचार चालू आहे.

घरी चौथा कप. मी खूश होऊन तो लगेच कागदात गुंडाळला. आई माझ्याकडे बघत होती. मी तिला समजावलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. उलट बरंच झालं, नमुना मिळाला." ती गुंडाळून होईपर्यंत बघत राहिली. आपल्या कामात रस घेणारी आई मिळायला भाग्य लागतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

आईला पुन्हा नेलं. कॅमेरे पुसले, दिवे बदलले, स्टूल बदललं. फट पंधरा मिलिमीटर! आधीपेक्षा एकानं जास्त. एवढी दुरुस्ती करून यंत्र बिघडत चाललं आहे. प्रात्यक्षिकाला सहा दिवस उरले.

आईनं येताना विचारलं, "जमलं का रे तुझं?"

"नाही. तुझ्याच हातापाशी अडलंय."

"माझ्यामुळे तुझी नोकरी जाईल का?"

"तुझ्यामुळे कशाला? यंत्राला अक्कल नाही."

ती म्हणाली, "बघ बाबा." आणि घर येईपर्यंत उजवा हात पदराखाली घेऊन बसली. गाडीत थंडी होती खरी.

२५ सप्टेंबर, सोमवार

सरळ बोटानं तूप निघत नव्हतं म्हणून बोट वाकडं केलं. थेंब जास्त फुगू दिले. आईच्या हाताला एक भोक आलं! पण तेवढ्यात पट्टीची बंद ओवायची दोन्ही भोकं बुजली. थेंब कमी केले तर पट्टी बरोबर, आई शून्य. दिवसभर हेच. आई की पट्टी, पट्टी की आई.

गणितबाई आल्या. त्या म्हणाल्या, "एका नमुन्यासाठी माप वाकवू नका. यंत्र शून्य म्हणतंय तर का म्हणतंय ते बघा. मूळ फोटो पाहिलेत का?"

मी हो म्हणालो.

पाहिले नव्हते. चोवीस आणि चोवीस अठ्ठेचाळीस फोटो कोण बघत बसणार? ते बघायला लागू नये म्हणून तर कॉम्प्युटर आहे. ही चूक ऑफिसच्या वहीत लिहिलेली नाही.

शेवटी सातव्या ओळीवर रेघ मारली. शेरा: नमुना सदोष, वगळला. नऊ हात, नऊ बरोबर. तक्ता आता इतका देखणा दिसतो की बघत राहावं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काम मिळालं.

पुढचं लिहायचं टाळणार होतो. आता लिहितो.

नवी पट्टी मॅडमनी हातात घातली. अंगठा गेला. त्यांनी तो वाकवून, फिरवून पाहिला आणि मान हलवली. साहेबांच्या तोंडावर हसू आलं. मग मॅडमनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि हातांचा तक्ता वाचू लागल्या. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"ही का खोडली?"

"सदोष नमुना आहे," मी म्हणालो. "दोनदा फोटो काढले, दोन्ही वेळा चुकीचं उत्तर. यंत्र कुठंतरी गोंधळतंय."

"फोटो दाखवा."

मी फोटो उघडले. पहिल्यांदाच. मोठ्या पडद्यावर आईचा हात आला. अंगठा आणि तर्जनी, आणि त्यांच्यामध्ये फट. दुसऱ्या फोटोत फट. तिसऱ्यात फट. मॅडम पुढे पुढे नेत राहिल्या. चोवीस बाजूंनी तीच फट दिसत होती, मधून मागची भिंतही दिसत होती.

"यंत्र गोंधळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "बोटं लागलेलीच नाहीत. आणि हे बघा, अंगठ्याखालची गादी. भरलेली असते ती इथं बसून गेलीय. हा हात बरेच महिने आजारी आहे. कोणाचा आहे?"

मी म्हणालो, "सात नंबर."

"माणूस कोण?"

"आई."

"तुमची?"

मी मान हलवली. मॅडमनी आवाज उतरवून विचारलं, "त्यांच्या हातून वस्तू पडतात का? कपबिप?"

टेबलावर समोरच चार कप ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर माझ्या सुवाच्य अक्षरात तारीख होती.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. मी चोवीस कॅमेरे लावले, आणि तरी मला दिसलं नाही. मला माझी लाज वाटते. यावर विनोद सुचला तर लिहीन, आज सुचत नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

सकाळी आईजवळ बसलो आणि तिचा हात हातात घेतला. शेवटचा कधी घेतला होता ते आठवेना. बोटांची टोकं तिला जाणवतच नव्हती. मी डोळे मिटायला लावून कुठल्या बोटाला हात लावतोय ते विचारलं, तीनदा चुकली. म्हणजे परवा "लागलंय की" म्हणाली ती खोटं बोलत नव्हती. तिला लागल्यासारखं वाटलं होतं.

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. पहाटे हात झटकला की जायच्या. मग सुई सुटायला लागली."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

मुलगी दारात उभी राहून रडायला लागली. तिला सगळं माहीत होतं. सुई ओवून देणं, बरणी उघडणं, आजीची बटणं लावणं, सगळं ती करत होती. आजीनं शपथ घातली होती. अकरा वर्षांच्या पोरीला दिसलं ते.

"आई, मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं? तुझ्या नोकरीवर टांगती तलवार. त्यात माझं हे कुठं? आणि डॉक्टरकडे गेले असते तर ते म्हणाले असते, शिवण बंद करा. म्हटलं, त्यांनी बंद करण्यापेक्षा आपणच केलेलं बरं." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि तुला वाटलं असतं तर तू विचारलं असतंस. तू नमुना म्हणालास."

बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं उदाहरण दिलं नाही, तेवढी दया केली. ती रोज आठला निघून सातला येते, तिच्यापासून आईनं लपवणं सोपं होतं. मी तर त्याच आईला स्टुलावर बसवून दोनदा फोटो काढले.

४ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरकडे गेलो. मी फाइल नेली होती. तक्ता, आलेख, दोन्ही वेळची मापं, मॉडेलचं रंगीत चित्र. डॉक्टर तरुण होता, त्यानं फाइल बाजूला सारली आणि आईला म्हणाला, "आजी, अंगठ्याला बोट लावून असं वर्तुळ करा बघू."

हीच त्यांची पहिली तपासणी असते. दोन सेकंदांत होते.

मनगटात एक बोगदा असतो म्हणे, त्यातून हाताची नस जाते. बोगदा आवळला की नस चेपते. माझ्या डोक्यात लगेच आलं, हे भोक आपल्या मोजणीत आलंच नसतं, ते आत आहे. असल्या वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल याचा नेम नाही. ऑपरेशन करून बोगदा मोकळा करता येतो. मुंग्या जातील, बोटांना जाणीव येईल. अंगठ्याची ताकद?

"ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "सहा महिने आधी आला असतात तर छातीठोकपणे सांगितलं असतं. स्नायू वाळलाय. थोडी येईल, कदाचित बरी येईल, कदाचित नाही."

आई म्हणाली, "सुई धरता येईल का?"

"बघू, आजी."

मी जूनपासूनच्या कपांच्या तारखा लिहिल्या होत्या. जूनपासूनच्या.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. अर्धा तास लागला. बाहेर बसून मी अर्ध्या तासात खुर्चीच्या पाठीची भोकं सात वेळा मोजली. अठरा. एकदा सतरा आली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

टाके निघाले. मॅडमनी आईसाठी पट्टी द्यायची ठरवली, आमच्याच यंत्रातून छापलेली. सगळं मोजून झालं, भोकं तीन, सरासरी चूक शून्य दशांश चार. तरी सही करण्याआधी मी स्वतःचा अंगठा घालून पाहिला. साहेबांनी विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, यापुढे तपासणी विभागाची ही शेवटची पायरी. संध्याकाळपर्यंत गणितबाईंनी ती छापील नियमांत घातली: मोजून झाल्यावर हात लावून बघावं.

१९ नोव्हेंबर, रविवार

मॅडमनी व्यायाम दिले आहेत. पिठाचा गोळा दाबायचा, कपड्याच्या चिमट्यानं बटणं उचलायची. आई रोज चाळीस बटणं उचलते. पहिल्या आठवड्यात तीन उचलायची. मुंग्या गेल्या. टोकांना गरम-गार कळतं. अंगठ्याचं अजून खरं नाही. बोट त्याच्या दिशेनं निघतं आणि वाटेत थकतं.

मी म्हटलं, "आई, एकदा कॅमेऱ्यात बसतेस? फट किती उरलीय ते नेमकं कळेल."

"मला तुझ्या त्या कॅमेऱ्यात पुन्हा बसायचं नाही. बघायचं असेल तर इथं बस आणि बघ."

बसलो. चाळीस बटणं होईपर्यंत बसलो. माझ्याच्यानं अर्धा तास नुसतं बघवत नाही, हे मला या वयात कळलं. सदतिसाव्या बटणाला चिमटा सुटला. आईनं बटणाला अशी शिवी हासडली की मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

९ डिसेंबर, शनिवार

आज सकाळी चहा पिताना आईनं विचारलं, "माझी कात्री कुठाय?"

"ऑफिसात आहे. आणतो उद्या."

"उद्या रविवार. परवाही उद्याच म्हणालास. त्याच्या आधीही."

खरं होतं. ती कात्री तपासणी विभागाच्या कपाटात पडून आहे, तिच्यावर माझी चिठ्ठी आहे: भोकं दोन. आईनं चौथ्यांदा मागितली होती. पहिल्या तीन वेळा मी हो हो म्हणालो आणि विसरलो. मी म्हटलं, "आई, एवढी काय घाई आहे? अजून हाताला ताकद येऊ दे. जड आहे ती. मी तुला छोटी हलकी आणून देतो, प्लास्टिकची..."

"इकडे ये," आई म्हणाली.

"काय?"

"खाली वाक जरा."

मी वाकलो. मला वाटलं, कानात काही सांगायचं असेल.

तिचा उजवा हात वर आला. अंगठा आणि तर्जनी बरोबर पाळीवर बसली, जरा थरथरली आणि वळली. आधी हलकेच, मग सगळी ताकद गोळा करून. मी ओरडलो. बायको धावत बाहेर आली, बघून दारातच थांबली आणि डोळ्यांना पदर लावला. मुलगी ओरडत होती, "आजी, सोडू नको! सोडू नको!"

आईनं सोडला नाही. म्हणाली, "माझी कात्री. आज."

कान मध्ये आल्यामुळे फट नेमकी किती राहिली ते मोजता आलं नाही. चांगलंच दुखलं, अजून दुखतो आहे. कात्री आणायला निघतो.